दत्या, मॅसीचा विसार घेतलाय

प्रिय दत्या,

तुझ्या पोरीच्या साखरपुड्याला आलो नाही, साधा फोनही केला नाही. शिव्या दे, पण नंतर. आमची मॅसी ३५ ट्रॅक्टर मी भंगारात काढली. पाच हजार विसारही घेतला. घरात कुणाला त्याचं काही नाही, म्हणून तुला लिहितोय.

परवा तो माणूस ओझरहून आला. मी खुळ्यासारखा सांगत बसलो: कॉव्हेंट्रीची बनावट, तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन, १५२ घनइंच म्हणजे अडीच लिटर, ३७ एचपी, सहा गिअर पुढे, दोन मागे. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेठ, वजन किती भरंल?" दीड टनाच्या आतच रे! भाव ऐकला आणि मनात आलं, अजून शंभर किलो असती तर! स्वतःचीच लाज वाटली.

मुरमाडीत फाळ अडला की नांगर जोडायच्या वरच्या दांड्यावर, टॉप लिंकवर, दाब यायचा आणि हायड्रॉलिक आपसूक नांगर उचलायचं, आठवतं? अण्णा म्हणायचे, हिला कळतं. पोरगा म्हणतो, नव्या ट्रॅक्टरलाही असतं ते. खरंय, म्हणूनच जास्त राग येतो. त्याला शेडमध्ये औषध फवारायचा ब्लोअर ठेवायला जागा हवीय.

हाफ क्लचचं मात्र मी त्या माणसाला सांगितलंच नाही. पेडल अर्धं दाबलं की गाडी उभी, पण पंप फिरवणारा मागचा दांडा, पीटीओ, चालू. तळाला नेलं की तोही बंद. बागेत अण्णा पाय बरोबर मध्यावर धरायचे, गडी नळ्या ओढत औषध मारायचे, पंपाचा दाब उतरायचा नाही. तू दर वेळी थेट तळाला! वर "क्लच म्हणजे क्लच." तीन महिने बोललो नव्हतो आपण त्यावरून. मग तू ती ओढ्यातल्या बाभळीवर घातलीस आणि अण्णांपासून लपवायला पुन्हा एक झालो. डाव्या मडगार्डचा पोचा तसाच आहे. भंगारवाल्यानं त्यावर बोट फिरवलं. मी तुझं नाव सांगितलं नाही.

माझा गुडघा आहे तसाच, शुगर ठीक. वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? जावई पुण्यातच का?

बुधवारी तो क्रेन घेऊन येतोय. तुला स्टिअरिंग काढून ठेवावं म्हटलं, पाना लावला, नट हलेना. डिझेल ओतून ठेवलंय. मंगळवारी ये. विसार परत करायचं ठरलं तरी दोघं लागू, माणूस आडदांड आहे.

तुझा,
बाळू