चार व्होल्टांचा हिशेब

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चार व्होल्टांत कसली भट्टी चालते?" आणि तेवढ्यात फोन कट झाला. तुमचं उभं आयुष्य ३३ केव्हीच्या सबस्टेशनात गेलं, तेव्हा चार व्होल्ट म्हणजे तुम्हाला टॉर्चचे तीन सेल वाटणारच. पण बाबा, अँपिअर किती ते विचाराल की नाही? आमच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यातल्या एका भट्टीतून, म्हणजे पॉटमधून, तीन लाख अँपिअर जातात. असे अडीचशेच्या आसपास पॉट एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेत, म्हणजे पूर्ण लाइनला हजारेक व्होल्ट डीसी. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून पत्र.

पॉट म्हणजे आत कार्बनचं अस्तर लावलेली पोलादाची मोठी पेटी. तिच्यात ९६० अंशांच्या आसपास वितळलेलं क्रायोलाइट नावाचं फ्लोरिन असलेलं खनिज असतं, त्याला आम्ही बाथ म्हणतो. बाथमध्ये ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम-ऑक्सिजनची पांढरी पूड, विरघळवायचा, वरून कार्बनचे ॲनोड, म्हणजे करंट आत नेणारे ठोकळे, सोडायचे आणि डीसी करंट द्यायचा. ॲल्युमिनियम सुटून तळाशी बसतं आणि ऑक्सिजन ॲनोडचा कार्बन खात कार्बन डायऑक्साइड होऊन वर जातो. अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी १८८६ मध्ये हे वेगवेगळं शोधलं. दोघांचा जन्म १८६३ चा, मृत्यू १९१४ चा. योगायोग असावा तर असा! तेव्हापासून रसायन तेच आहे. बदलत आलंय ते बाकीचं सगळं, आणि माझी नोकरी त्या बाकीच्यात आहे.

आता ते चार व्होल्ट. नेमके म्हणाल तर ४.२. त्यातले साधारण १.२ व्होल्ट धातू सुटण्यासाठी खरोखर लागतात. अर्ध्या व्होल्टाच्या आसपास ॲनोडच्या पृष्ठभागावरची क्रिया घडवायला जातो. उरलेले सगळे अडथळ्यात: बाथमध्ये, वायूच्या बुडबुड्यांत, कार्बनमध्ये, करंट वाहणाऱ्या जाड पट्ट्यांत म्हणजे बसबारमध्ये आणि जोडांमध्ये. अंधार पडल्यावर यार्डात चक्कर मारून तापून लाल झालेला क्लॅम्प तुम्ही हेरायचात ना, तेच मी करते. फक्त डोळ्यांनी नाही, दोन टोकांच्या फोर्कने. ॲनोडच्या रॉडवर ठराविक अंतरावर टोकं टेकवायची, मीटरवर मिलिव्होल्ट दिसतात आणि त्यावरून त्या ॲनोडमधून किती करंट चाललाय ते कळतं. पॉटला चोवीस ॲनोड असतील तर चोवीस वेळा वाकायचं, तेही तोंडावर झळ घेत.

सगळ्यात मोठी गळती बाथमध्ये. ॲनोडचा तळ आणि खालचा वितळलेला धातू यांच्यात चारेक सेंटिमीटरची फट असते. ती एक मिलिमीटरने कमी केली की साधारण ३५ मिलिव्होल्ट वाचतात, म्हणजे टनामागे एकशेदहा युनिट. तुम्ही म्हणाल, मग करा की कमी. इथेच सगळं अडतं. धातू आणि बाथ यांच्या घनतेत फरक फार थोडा आहे, त्यामुळे पंधरा-वीस सेंटिमीटर खोल धातूवर लाट उठायला निमित्त लागत नाही. निमित्त मात्र कायम हजर असतं. तीन लाख अँपिअरभोवतीचं चुंबकीय क्षेत्र इतकं जोरकस असतं की खिशातल्या किल्ल्या ओढल्या जातात. धातूत करंट आडवा वाहू लागला की हे क्षेत्र त्याला ढकलतं आणि धातू डुचमळतो. लाटेचा माथा ॲनोडला लागला की शॉर्ट. तयार झालेलं ॲल्युमिनियमही वर उसळून कार्बन डायऑक्साइडला भेटतं आणि पुन्हा ॲल्युमिना होऊन बसतं. केलेलं काम उलटं फिरतं.

म्हणून गेल्या काही दशकांतली खरी हुशारी फट कमी करण्यात नसून धातूला शांत बसवण्यात आहे. बसबार पॉटभोवती असे फिरवायचे की एकाचं क्षेत्र दुसऱ्याने मारावं. कॅथोडखालच्या, म्हणजे पॉटच्या तळाच्या कार्बनखालच्या, पोलादी बारमध्ये तांबं घालायचं. तांब्यामुळे त्या बारमधला व्होल्टेजचा ड्रॉप घटतो, शिवाय करंट आडवा न पळता सरळ खाली उतरतो. मला विचाराल तर तांब्याचा हा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे, पण जाहिरात नेहमी पहिल्याचीच होते. ॲनोडच्या तळाला खाचा पाडतात, म्हणजे बुडबुडे खाली अडकून न राहता बाजूने निसटतात. एवढीशी खाच, पण उपयोग फार.

आता माझी फजिती. आईला हा भाग वाचून दाखवू नका. तांब्याचे बार आणि खाचांचे ॲनोड असलेला एक पॉट माझ्याकडे चाचणीला होता. धातू इतका शांत होता की मला राहवेना. एका आठवड्यात दोनदा फट कमी केली, एकूण दोन मिलिमीटर. टनामागे सव्वादोनशे युनिट वाचणार, असं मोठ्या तोऱ्यात लिहूनही टाकलं. चार दिवसांत व्होल्टेजची रेघ थरथरायला लागली.

झालं असं होतं की जो अडथळा मी वाया जाणारा म्हणत होते, तीच या पॉटची चूल आहे. बाहेरून वेगळी आग नाहीच. व्होल्टेज घटवलं तशी उष्णता घटली, पण झाकण जुनंच ठेवलं, त्यामुळे बाहेर जाणारी तेवढीच राहिली. बाथ गार झाला, ॲल्युमिना विरघळेना आणि तळाशी गाळ साचला. गाळावरून करंट वाकडा वळला आणि धातू पुन्हा नाचू लागला. त्यात एका रात्री ॲनोड इफेक्ट! बाथमध्ये ॲल्युमिना संपला की ॲनोडखाली वायूचा पापुद्रा धरतो आणि व्होल्टेज चारावरून एकदम तीसच्या वर जातं. शिवाय असे फ्लोरिनचे वायू सुटतात, जे हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट भारी पडतात. शिफ्टचा जुना ऑपरेटर शांतपणे आला, ओल्या लाकडाचा लांब दांडा ॲनोडखाली खुपसला. लाकडातून वाफ-धूर सुटला, बाथ खळबळला, पापुद्रा फाटला आणि आकडा खाली आला. माझ्याकडे पाहून तो फक्त हसला.

कंट्रोलरने तोवर आपणहून ॲनोड वर उचलले होते, म्हणजे व्होल्टेज होतं तिथेच परत आलं. करंटची एफिशियन्सी, म्हणजे करंटातला खरोखर धातू मिळवून देणारा वाटा, मात्र ९४ टक्क्यांवरून ९० वर घसरली. हिशेब केला तर टनामागे सहाशेच्या आसपास युनिट जास्त गेले होते. गाळ निवळायला दोन आठवडे लागले. मग आधी ॲनोडवरचं आवरण जाड केलं, उष्णता आत धरली आणि नंतरच अर्धा-अर्धा मिलिमीटर खाली उतरलो.

ॲल्युमिना किती विरघळलाय ते मोजायला आत काही का टाकत नाही, असं दादाने विचारलं होतं. त्याला सांगा, त्या बाथमध्ये कुठलंच उपकरण फार दिवस टिकत नाही. म्हणून कंट्रोलर फक्त पॉटचा अवरोध पाहतो. मुद्दाम थोडा वेळ कमी ॲल्युमिना टाकतो, अवरोध किती वेगाने चढतो ते बघतो, मग जास्त टाकतो. एका वेळी किलोभराच्या आसपास, दिवसरात्र. दोन ते चार टक्क्यांच्या मधे राहायचं, बस्स.

कार्बनऐवजी न जळणारे ॲनोड येणार, असं तुम्ही वाचलंत ते खरं आहे, काम जोरात चालू आहे. कॅनडात २०१८ मध्ये त्यासाठी एलिसिस नावाची कंपनीच निघाली. मग धुराड्यातून ऑक्सिजन निघेल. पण जळणारा कार्बन थोडी ऊर्जा देतो, तो गेला की १.२ व्होल्टांचे २.२ होतात. तो एक व्होल्ट बाकीच्या अडथळ्यातून काढायचा, म्हणजे पुन्हा फट आलीच. शिवाय ॲनोड झिजून धातूत उतरला तर धातू बिघडला. मला ते होईल असं वाटतं, पण बातम्या म्हणतात तितक्या लवकर नाही.

इथे यायचं म्हणत होतात. जरूर या, पण पॉटरूममध्ये तुम्हाला नेता येणार नाही. दारावरच पेसमेकरवाल्यांना मनाईची पाटी आहे आणि त्या बाबतीत कुणाचंही चालत नाही. म्हणून सोबत एक कागद पाठवते आहे. त्या पॉटच्या चोवीस ॲनोडांचे कालचे आकडे आहेत: डावीकडे रॉडवरचे मिलिव्होल्ट, उजवीकडे क्लॅम्पच्या जोडावरचे. एका ठिकाणी गडबड आहे. कुठला नंबर आणि क्लॅम्प सैल आहे की दुसरं काही, ते रविवारी फोनवर सांगा. मला ठाऊक आहे, पण आधी तुमचं ऐकणार.

तुमची,
चिंगी