समुद्राकडे पाठ

गुहागर,
पौष शुद्ध अष्टमी

चि. बापू यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला आणि तू ‘ठेवतो’ एवढेच म्हणून फोन ठेवलास, ते मला लागले आणि तुलाही लागले असणार. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. तोंडाने बोलायला गेलो की माझ्यातला मास्तर जागा होतो, म्हणून लिहायला बसलो आहे आणि समुद्राचा विषय काढायचा नाही असे ठरवूनच बसलो आहे.

तुम्ही पुण्याचे बिऱ्हाड मोडून पर्थला गेलात, तेव्हा पहिले वर्ष घर, शाळा आणि गाडी यांतच जाईल असे मला वाटले होते. त्याऐवजी दर शनिवारी कॉटस्लोच्या किनाऱ्यावरून तुझा व्हिडिओ येतो, त्यात ते उंच नॉर्फोक पाइन, सूनबाईंचा थालीपिठाचा डबा आणि चिमीची लाल बादली असते. तिथेही समुद्र पश्चिमेलाच. तुमचा सूर्य बुडतो तेव्हा आमचा अजून माडांच्या वर असतो. तरी आई ‘त्यांची दिवेलागण झाली’ असे म्हणून उठते. चिमी त्या पाण्याला ‘आजोबांचा समुद्र’ म्हणते हे ऐकून मी दोन दिवस फुगलो होतो. (तिथून नाकासमोर गेले तर आफ्रिका लागते, आजोबा उजव्या हाताला वायव्येकडे आहेत, हे तिला सवडीने सांग.)

पण या शनिवारच्या व्हिडिओत चिमी गुडघाभर पाण्यात उभी आहे, तुझ्याकडे पाहून हसते आहे आणि तिची पाठ समुद्राकडे आहे. तू फोन धरून दहा-बारा पावलांवर असशील. मागून लाट येते, फ्रॉक फुगतो, पाणी कमरेच्या वर चढते, ती किंचाळते आणि तेवढ्यात व्हिडिओ संपतो. तो मी नऊ वेळा पाहिला.

तुम्ही लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येच उतरता आणि तिथे जीवरक्षक असतात, हे तू सांगितलेस. ही शिस्त मला मनापासून आवडली. आपली वाडी समुद्राला लागून, मागचे दार उघडले की सुरूचे बन आणि त्यापुढे वाळू. तरी आमच्या पिढीत हौसेने कोणी पाण्यात शिरले नाही, शिरायचे ते पाहुणे, आणि दर मे महिन्यात त्यांच्यापैकी कोणाची तरी शोधाशोध व्हायची. आम्हाला समुद्राचा हिशेब तेवढा येत होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज अष्टमी, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पुरी होईल, आणि तीही भांगाची, बेताची. हे मला आजोबांनी व्याडेश्वराच्या पायरीवर शिकवले आणि मी तुला मागच्या दारी. तुमच्या किनाऱ्यावर मात्र बहुतेक दिवशी एकदाच भरती येते आणि पाणी जेमतेम हात-दीड हात चढते, असे वाचले. म्हणजे माझी पाऊणकी तिथे कवडीच्या मोलाची झाली.

तरी एक सांगतो. लाटांनी किनाऱ्यावर चढलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढत जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि शांत दिसते, आणि नवखा माणूस मुलाला घेऊन नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडलेच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. तरंगत राहावे, हात वर करावा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत बाहेर यावे. सिडनीच्या बोंडी किनाऱ्यावर ६ फेब्रुवारी १९३८ रोजी लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनंतर दोनशेहून अधिक माणसे आत ओढली गेली. जीवरक्षक हजर होते म्हणून बाकीची वाचली. तरी पाच गेलीच. बोंडी तुमच्यापासून हजारो किलोमीटरवर, पूर्वेच्या किनाऱ्यावर आहे, हे मला ठाऊक आहे. नकाशा मीच तुला शिकवला.

पाहा, झालेच पुन्हा. क्षमा कर. चाळीस वर्षांच्या मुलाला फळ्यासमोर उभे करण्याची ही खोड आता जायची नाही.

तुझी निळी चप्पल वाहून गेली होती ते तुला आठवते; अजून तू ते हसत सांगतोस. तू सहा वर्षांचा होतास, शिमगा नुकताच झाला होता आणि मी वरच्या पाटाच्या बाजूला एका सहकाऱ्याशी माझ्या बदलीबद्दल बोलत वाळूत उभा होतो. माझीही पाठ समुद्राकडेच होती. बोलता बोलता मी वळलो तेव्हा तू होतास तिथे फक्त फेस होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. त्या सहकाऱ्याने पुढे धावत जाऊन तुला दंडाला धरून उचलले. तू खोकलास, वाळू थुंकलास आणि चपलेसाठी रडायला लागलास. घरी आम्ही आईला चपलेचेच सांगितले, आणि नवी आणीपर्यंत तिने तुलाच बोल लावला. मी गप्प राहिलो. बदलीचे पुढे काहीच झाले नाही.

म्हणून परवा ओरडलो तो तुझ्यावर नव्हे. हे फोनवर सांगता आले नसते, कारण आई शेजारीच बसलेली असते.

आईचा गुडघा ठीक आहे. आमसुले बांधून ठेवली आहेत, पण तिकडे खाण्याच्या वस्तू कसून तपासतात म्हणतात, तेव्हा काय ते कळव. चिमीला पोहण्याच्या शिकवणीला घातले आहे का, असे आईने विचारले आहे. (आईने विचारलेले नाही.)

रागावून शनिवारचा व्हिडिओ मात्र थांबवू नकोस. फक्त तो सूनबाईंना काढू दे, आणि तू पाण्यात, चिमीच्या पलीकडे उभा राहा.

तुझे,
बाबा