माझ्या रिव्ह्यूतली 'पीएस४ वर येत नाही' ही ओळ तुम्ही कुणाला विचारून कापलीत?

तक्रार निवारण अधिकारी आणि गेम्स विभाग बघणारे मॅनेजर, दोघांनीही वाचा, एकमेकांकडे ढकलू नका.

पाऊण तासापूर्वी तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय. बारा दिवसांतला पाचवा फोन. आधीच्या चार फोनचे चार वेगळे तिकीट नंबर आहेत आणि चारही तुमच्या ॲपवर 'रिझॉल्व्ह्ड' दाखवतायत, झालेलं काहीच नाहीये, म्हणून आता लेखी देतेय.

हॉरायझन फॉरबिडन वेस्ट या गेमचा मी तुमच्या ॲपवर रिव्ह्यू लिहिला होता. मी तो गेम पीएस४ वर, म्हणजे सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन ४ मशिनवर खेळले (पीएस५ हे त्याच्या नंतरचं मशिन), ते पहिल्याच ओळीत होतं. आणि शेवटची ओळ होती, "बर्निंग शोर्स हा पुढचा भाग पीएस४ वर येत नाही, त्याला पीएस५ लागतो, पीएस४वाल्यांनी हे बघूनच पैसे घाला." तुम्ही काय केलंत, पीएस४ची डिस्क आणि पीएस५ची डिस्क यांची दोन वेगळी पानं होती ती एक केलीत, दोन्हीकडचे रिव्ह्यू एकाच ढिगात ओतलेत, आणि माझ्या रिव्ह्यूची पहिली ओळ पण कापलीत आणि शेवटची पण. मधलं कौतुक तेवढं ठेवलंत. त्यातलं "शेवट होईपर्यंत झोप लागली नाही" हे वाक्य उचलून सेलच्या बॅनरवर लावलंत, खाली माझं नाव, आणि त्या बॅनरवर चित्र बर्निंग शोर्सचं! म्हणजे ज्या गोष्टीबद्दल मी लोकांना सावध केलं होतं तीच तुम्ही माझ्या तोंडून विकलीत.

हॉरायझन फॉरबिडन वेस्ट १८ फेब्रुवारी २०२२ ला पीएस४ आणि पीएस५ दोन्हीवर आला, त्याला जोडून वेगळा विकलेला बर्निंग शोर्स १९ एप्रिल २०२३ ला आला तो फक्त पीएस५ वर. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची घोषणा झाली तेव्हाच हे सांगितलेलं होतं. गेम विकणाऱ्या कंपनीला हे मी सांगायला नको. पीएस४ची डिस्क पीएस५ मध्ये चालते, उलटं चालत नाही, हेही तुम्हाला माहितीच असणार, मग दोन पानं एक कशी केलीत?

आता यामुळे काय झालं ते सांगते. माझा एक जुना विद्यार्थी आहे, आता एमआयडीसीत शिफ्टला जातो, दिवाळीच्या बोनसमधून त्याने सेकंडहँड पीएस४ घेतला. त्याने तुमच्या ॲपवर माझं नाव बघितलं. डिस्क घेतली, आणि बर्निंग शोर्ससाठी दोन हजारांचं वॉलेट कार्ड, म्हणजे सोनीच्या ऑनलाइन स्टोअरवर पैसे भरायचा कोड, तो पण तुमच्याकडूनच घेतला, कारण तुमच्या त्या एकत्र केलेल्या पानावर खाली 'याच्यासोबत घ्या' म्हणून तेच दाखवत होतं. कोड टाकला, स्टोअरमध्ये शोधलं, तर पीएस४ला तो भाग मिळतच नाही. कोड एकदा वापरला की परत घेत नाही असं तुमचंच धोरण. मग त्याने मला फोन केला. "बाई, तुम्ही लिहिलंय म्हणून घेतला ओ." तक्रारीच्या सुरात नाही, अगदी साधेपणाने म्हणाला, आणि मला काय बोलावं सुचेना. एकोणतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवलाय मी. "बाईंनी सांगितलं" या शब्दाला माझ्याकडे किंमत आहे, तो शब्द तुम्ही बॅनरला वापरलात.

मी रिव्ह्यू कशी लिहिते तेही ऐका, कारण तुमच्या माणसाला वाटलं की मी सहज दोन ओळी टाकल्यात. २०१९ ला रिटायर झाले, मुलगा जर्मनीला गेला, त्याचा पीएस४ घरी राहिला. पहिला पूर्ण केलेला गेम अनचार्टेड द लॉस्ट लेगसी, कारण मुलगा म्हणाला होता की तो आपल्याकडे पश्चिम घाटात घडतो. २०१७ चा गेम. क्लोई आणि नदीन दोघी गणपतीच्या तुटलेल्या दाताच्या शोधात होयसळांच्या शहरांमधून फिरतात. मी शाळेची सहल घेऊन होयसळांच्या राजधानीला, हळेबीडला, तीनदा गेलेय, म्हणून रिव्ह्यूत लिहिलं की मूर्ती, खांब, परशुरामाची गोष्ट यावर मेहनत दिसते, पण खरं हळेबीड पठारावर आहे, गेममध्ये दाखवलंय तसं धबधब्यांच्या दरीत नाही. तो रिव्ह्यू तुमच्याकडे 'सर्वात उपयुक्त' म्हणून किती महिने वर होता ते तुमच्या रेकॉर्डला बघा.

नंतर गॉड ऑफ वॉर, २०१८ चा. पहिल्यापासून शेवटपर्यंत कॅमेरा कुठेही कट होत नाही, बापलेकाच्या मागोमाग आपण चालतच राहतो, हे मी लिहिलं, आणि हेही लिहिलं की अक्षरं इतकी बारीक आहेत की सोफ्यावरून वाचता येत नाहीत. पुढे कळलं की गेम आल्यावर लवकरच अपडेटमधून अक्षरं मोठी करायची सोय दिली होती, माझ्याकडेच अपडेट झालं नव्हतं, तर मी जाऊन रिव्ह्यू दुरुस्त केला आणि तारीख टाकली. घोस्ट ऑफ त्सुशिमाला मी पाच स्टार दिले, मंगोलांची १२७४ ची जपानवरची स्वारी, नकाशा न दाखवता वारा वाहतो त्या दिशेने जायचं ही कल्पना मला फार आवडली, पण तेराव्या शतकातला सामुराई बसून हायकू रचतो ते काळाला धरून नाही, हायकू फार नंतरचा, तेही लिहिलं. द लास्ट ऑफ अस पार्ट टूमध्ये साठाहून जास्त ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे हाताचा, डोळ्यांचा, कानांचा त्रास असलेल्यांना खेळता यावं यासाठीच्या सेटिंग्ज आहेत, माझा उजवा अंगठा दुखतो, एकच बटण भराभर दाबायच्या ऐवजी धरून ठेवायचं कसं करायचं ते मी ओळीने लिहून दिलंय, माझ्या वयाची माणसं वाचतील म्हणून. गेम संपवल्याशिवाय लिहायचं नाही, शेवट फोडायचा नाही, आणि कोणत्या मशिनवर खेळले ते पहिल्या ओळीत. हे माझे नियम.

मशिन पहिल्या ओळीत का, तर डिसेंबर २०२० मुळे. सायबरपंक २०७७ आला तेव्हा गेम बाहेर पडायच्या आधीचे रिव्ह्यू कॉम्प्युटरवरच्या कॉपीवर लिहिलेले होते, पीएस४वर तो कसा चालतो ते कुणाला दाखवलंच नव्हतं. लोकांनी चांगले रिव्ह्यू वाचून पीएस४साठी घेतला आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला, पैसे परत दिले, आणि परत विकायला ठेवला तो जून २०२१ मध्ये. ते रिव्ह्यू लिहिणारे खोटं बोलले नव्हते, त्यांनी जे खेळलं ते चांगलंच होतं, पण ते कशावर खेळले हे घेणाऱ्याच्या नीट लक्षात आलं नाही आणि हजार हजार रुपये जपून वापरणारी माणसं फसली. ॲक्शन ॲडव्हेंचर गेममध्ये तर हे जास्तच, मोठं जग, लांबलचक नकाशा, जुन्या मशिनवर लोड व्हायला लागणारा वेळ, सगळंच वेगळं असतं. मशिनचं नाव काढलं की माझा रिव्ह्यू खोटा होतो. तुम्ही तो खोटा केलात, आणि खाली नाव माझं ठेवलंत.

आता आजच्या फोनचं. हे मला सविस्तर लिहायचंय कारण यातलं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये.

सोळा मिनिटं म्युझिक ऐकल्यावर एकजण आला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, पाचव्यांदा. तो म्हणाला, "मॅडम, ऑर्डर कुणाच्या नावावर आहे?" म्हटलं माझ्या. "अकाउंट कुणाचं?" माझं. "रिव्ह्यू कुणी लिहिलाय?" मी. मग थोडं थांबून म्हणाला, "मॅडम, घरात मुलगा वगैरे कोणी आहे का? गेम जो खेळतो त्याला फोन द्या ना, त्याच्याशी बोलतो." मी म्हटलं, खेळते मीच. तर हसला. हसला म्हणजे फोन बाजूला करून हसला, मला ऐकू आलं, शेजारच्याला काहीतरी म्हणाला तेही ऐकू आलं. परत आला आणि म्हणतो, "तसं नाही मॅडम, टेक्निकल आहे हे, पीएस४ पीएस५ मध्ये फरक असतो, मुलाला विचारा, तो समजावून सांगेल."

मी त्याला पीएस४ आणि पीएस५ मधला फरक सांगायला फोन केला होता. तुम्ही दोन पानं एक केलीत म्हणून. आणि तो मला म्हणतो फरक असतो, मुलाला विचारा.

मी आवाज चढवला नाही. म्हटलं, तुम्ही हॉरायझन खेळलात का? गप्प. म्हटलं, मी सांगते. एलॉय नावाची मुलगी, नोरा टोळीतून बाहेर टाकलेली, आपलं जग संपून शेकडो वर्षं झाल्यावरची गोष्ट, जंगलात यंत्रांचे प्राणी चरतात, दुसऱ्या भागात, म्हणजे फॉरबिडन वेस्टमध्ये, ती पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्कोच्या पडक्या शहरापर्यंत जाते. थंडरजॉ नावाच्या यंत्रप्राण्यावर नुसते बाण मारत बसलं तर मरतच नाही, आधी त्याच्या पाठीवरचे डिस्क लाँचर पाडायचे आणि तेच उचलून त्याच्यावर चालवायचे. अडुसष्ट तास खेळलेय मी. म्हटलं, अजून काय सांगू? तर तो म्हणाला, "ओके मॅडम, होल्डवर ठेवतो." अकरा मिनिटं होल्ड. परत आल्यावर म्हणाला, "मॅडम, रिव्ह्यूमध्ये प्रॉडक्टबद्दल निगेटिव्ह किंवा दुसऱ्या प्रॉडक्टचा उल्लेख असेल तर सिस्टिम ती लाइन आपोआप काढते, गाइडलाइन आहे, आम्ही काही करू शकत नाही. आणि तुमचं वाक्य बॅनरवर आलंय ही तर चांगली गोष्ट आहे ना मॅडम, तुमचं नाव होतंय."

माझं नाव होतंय.

मला सांगा, 'पीएस४ वर येत नाही' हे निगेटिव्ह कसं? ही माहिती आहे. औषधाच्या बाटलीवर लहान मुलांना देऊ नये लिहिलेलं असतं ते कुणी खरवडून काढतं का? आणि तुमची सिस्टिम इतकी हुशार आहे की नेमकी ती ओळ शोधून काढते, पण बर्निंग शोर्सचं चित्र पीएस४च्या डिस्कवर लावताना तिला काही कळलं नाही? हे मी मघाशी लिहिलंय, परत लिहितेय, कारण पाच फोनमध्ये एकानेही याचं उत्तर दिलं नाही. ती ओळ कुणी कापली? माणसाने की सिस्टिमने, आणि कुणाला विचारून?

नियम मी वाचलेत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं असतं आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. माझी पहिली तक्रार बारा दिवसांपूर्वीची, तुमच्या अधिकाऱ्याचं एक अक्षर आलेलं नाही. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करायचे, तपासायचे, छापायचे यासाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलंय, ते सक्तीचं नाही हे मला माहितीये, पण निदान उघडून बघा त्यात काय लिहिलंय.

माझं मागणं एवढंच आहे. माझा रिव्ह्यू होता तसा पूर्ण परत लावा, पहिल्या आणि शेवटच्या ओळीसकट, नाहीतर पूर्ण काढा, अर्धा ठेवू नका. बॅनर आजच्या आज उतरवा. पीएस४ आणि पीएस५ची पानं परत वेगळी करा, फक्त या गेमची नाही, सगळ्या गेमची, कारण गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉकचंही तेच करून ठेवलंय तुम्ही, मी आत्ता बघितलं. त्या मुलाचे दोन हजार परत करा. तो स्वतःहून मागणार नाही, त्याला वाटतं चूक त्याचीच. त्याचा ऑर्डर नंबर त्याला विचारून या मेलला जोडलाय. आणि ज्या माणसाने मला मुलाला फोन द्या म्हटलं त्याला काढू वगैरे नका, त्याची नोकरी घालवायची नाहीये मला, पण गेमच्या तक्रारी घेणाऱ्याला बसवायच्या आधी एकदा कंट्रोलर हातात द्या.

सात दिवस थांबते. तेवढ्यात झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करेन, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकेन, आणि साताऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः जाऊन बसेन, मला आता वेळच वेळ आहे. त्याआधी माझे सत्तावीसच्या सत्तावीस रिव्ह्यू मी काढून घेईन, अनचार्टेडचा पण. ते काढताना मला फार वाईट वाटेल हे खरं सांगते, कारण कोण्या गावातली कोणी बाई वाचेल आणि म्हणेल आपणही खेळून बघू, म्हणून रात्री बसून लिहिलेत ते. तुमच्या ॲपइतकी मराठीत गेमवर लिहायची जागा मला दुसरीकडे मिळाली नव्हती, म्हणूनच इतकी वर्षं तुमच्याकडे राहिले, मुलगा सांगत होता दुसरीकडे स्वस्त मिळतात तरी.

बॅनरचा स्क्रीनशॉट, माझ्या मूळ रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट, तुमच्या पानावरचा कापलेला रिव्ह्यू आणि पाचही फोनच्या वेळा सोबत जोडल्यात. उत्तर मेलवरच द्या. आणि फोन केलात तर पहिल्यांदा विचारू नका की घरात अजून कोण आहे. मीच उचलणार आहे.

— कराडहून, तुमची २०१९ पासूनची ग्राहक