हळदणकरांचं नाव सांगणाऱ्या माझ्या ड्रॉईंगच्या सरांना

सर, नमस्कार.

मागच्या महिन्यात म्हैसूरला जाऊन आले, जगनमोहन पॅलेसमध्ये ‘ग्लो ऑफ होप’, ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र, बघितलं आणि परत अमळनेरला येईपर्यंत डोक्यात एकच, सरांना लिहायचं. आठवीत असताना मी तुम्हाला सांगितलं होतं, सर आमच्या देव्हाऱ्याशेजारी रविवर्माचं चित्र आहे, हातात दिवा घेतलेली बाई. तुम्ही हसला नाहीत, फळ्यावर खऱ्या चित्रकाराचं नाव लिहिलंत, सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म १८८२, सावंतवाडी. आणि म्हणालात, ऑइल नाही बरं का ते, वॉटरकलर आहे, आणि ती बाई म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी, गीता.

मग एकदा तुमच्या घरी क्लासला लाईट गेली, तुम्ही मेणबत्ती लावली आणि मला ज्योतीपुढे हात धरायला लावला. बोटांच्या कडा लालभडक, मधे सांध्यापाशी काळपट, आणि मी आपली पिवळ्या रंगाची ट्यूब शोधतेय! तुम्ही ती काढूनच घेतली. उजेड लावायचा नसतो गं, तिथे कागद कोरा राखायचा असतो, हे तुमचं वाक्य. पण मे महिन्यात आपल्याकडे वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, मारला की ब्रश पाण्यात बुडवून परत येईस्तोवर वाळलेला, कडेला डाग पडायचे आणि मला रडू यायचं. तेव्हा कागद मागून ओला करायचा, पहाटे पाचला बसायचं, हे सगळं तुम्ही शिकवलंत, एक पैसा न घेता.

आणि बाबा म्हणाले होते, “चित्रं काढीसन पोट भरस का?” तेव्हा तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात. हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत स्वतःचा क्लास काढला, पोर्ट्रेट, लँडस्केप करत करत पोरांना शिकवत राहिले, हे तुम्ही बाबांना असं सांगितलंत जसं काही शेजारच्या गल्लीतली गोष्ट. बाबांनी माझा एटीडीचा, म्हणजे ड्रॉईंग टीचरच्या डिप्लोमाचा, फॉर्म भरला तो त्याच आठवड्यात. आज मी शाळेत ड्रॉईंग शिकवते ते त्या संध्याकाळमुळेच, मला दुसरं काही कारण दिसत नाही.

म्हैसूरला चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ मी त्या बोटांपाशीच उभी होते सर. खूप खूप आभार. दिवाळीच्या सुट्टीत घरी येते, बाकीचं समोर बसून सांगते.

तुमची विद्यार्थिनी