गणित रक्तात असतं का?

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, गणित माझ्या रक्तातच नाही. ज्यांना येतं त्यांना उपजतच येतं." वर्गातल्या त्या मुलाचं उदाहरणही दिलंस, ज्याला प्रमेय एकदा वाचून कळतं. हे फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुझं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. सगळे सारखे जन्माला येत नाहीत. कुणाला आकडे लवकर उमगतात, कुणाला सूर. आणि नुसते तास घातले की कुणीही काहीही होतं, हेही मला पटत नाही. २०१४ साली सरावावरच्या बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक पडतो, त्यापैकी सरावाशी जोडता आला तो संगीतात सुमारे २१ टक्के, शिक्षणात जेमतेम ४. पण म्हणून उरलेले ९६ टक्के रक्ताचे, असं समजू नकोस. शिकवणारं कोण होतं, पाया कधी पक्का झाला, घरी काय वातावरण होतं, हे सगळं त्यातच आलं.

आता एक गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या मुलावर झालेला प्रयोग आहे, १९८० साली प्रसिद्ध झाला. त्याला एकेक आकडा ऐकवायचे आणि ओळीने परत म्हणायला सांगायचे. सुरुवातीला सात आकड्यांपुढे त्याची मजल जाईना, म्हणजे तुझ्यामाझ्याइतकीच. दीड वर्षाहून जास्त काळ सराव केल्यावर तो ७९ आकडे बिनचूक म्हणू लागला! कसं जमलं? तो धावपटू होता. ३, ४, ९, २ असे आकडे आले की तो मनात म्हणायचा, ३ मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाच्या शर्यतीतली जवळजवळ विश्वविक्रमी वेळ. सुटे आकडे राहतच नव्हते, ओळखीच्या वेळा होत होत्या. आणि खरी मेख पुढे आहे. आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर तो पुन्हा सहा-सातावरच. म्हणजे स्मरणशक्ती म्हणून काही वाढलीच नव्हती. त्याने आपल्याला आधी माहीत असलेल्या गोष्टींवर एक रीत उभी केली होती, एवढंच.

तुझ्या वर्गातल्या त्या मुलाकडेही जरा असं बघ. प्रमेय वाचताना त्याच्या मनात कदाचित अशाच ओळखीच्या खुणा आधीपासून असतील. त्या कधी तयार झाल्या ते आपल्याला दिसलं नाही, म्हणून ते उपजत वाटतं. काही भाग उपजतही असेल. किती, ते तू किंवा मी सांगू शकत नाही, आणि एका चाचणीच्या गुणांवरून तर नाहीच नाही. बुद्धीची पहिली उपयोगी चाचणी १९०५ मध्ये तयार करणाऱ्या आल्फ्रेड बिने यांनाही बुद्धी ठरीव आणि न बदलणारी असते हे मान्य नव्हतं. कुठल्या मुलांना जास्त मदत लागेल ते कळावं, म्हणून तर त्यांची ती चाचणी होती.

सुट्टीत तुझा अभ्यास मी पाहिला आहे. सोडवलेलं उदाहरण वाचायचं, मान डोलवायची, पान उलटायचं. तेव्हा सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि कोरा कागद समोर आला की काही सुचत नाही. २००६ सालच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा दिला होता. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२.

तू पाठवलेली उत्तरपत्रिका मी ओळ न ओळ पाहिली. प्रमेयांत तू फारसा अडत नाहीस. अडतोस ते कंसाबाहेर उणे असतं तिथे. −(क्ष − ३) सोडवताना पहिलं चिन्ह बदलतोस आणि दुसरं तसंच ठेवतोस: −क्ष − ३. हवं −क्ष + ३. हीच चूक पानोपानी आहे, आणि तिच्यामुळे पुढची बरोबर रीतही वाया गेली आहे. याला रक्ताचा दोष म्हणायला मी तयार नाही, बाळा.

तेव्हा पुढचे काही दिवस नवीन धडा घेऊ नकोस. फक्त कंसाची गणितं घे. उदाहरण एकदा वाच, पुस्तक मिट आणि कागदावर स्वतः सोडव. अडलास तरी लगेच उत्तर बघू नकोस, अडलेल्या पायरीखाली रेघ मार. रात्री त्या कागदाचा फोटो मला पाठव. चुकलेला असला तरी खोडू नकोस, मला तोच बघायचा आहे.

तुझी,
आई