खोका परत माळ्यावर जाणार नाही

प्रिय आई आणि बाबा,

आधी कामाचं सांगते, नाहीतर बाबा पत्र अर्ध्यात घडी करून ठेवतील. कॅसेट सुखरूप आहेत. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. एकही फेकलेली नाही, कुणाला दिलेली नाही. माझ्या कपाटातल्या मधल्या खणात उभ्या लावून ठेवल्यात. तिथे ऊन येत नाही, ओल नाही आणि आसपास कुठे लोहचुंबक नाही. स्पीकरमध्येही चुंबक असतो म्हणून तोसुद्धा मी दुसऱ्या खोलीत हलवलाय.

पण खोका परत माळ्यावर जाणार नाही.

प्लेअर दुरुस्तीला नेते, त्याच्यासोबत चार कॅसेट तपासायला लागतील, असं म्हणून मी अख्खा खोकाच गाडीत टाकला. ते खोटं होतं. म्हणजे प्लेअर खरंच बिघडलाय. आतला रबरी पट्टा विरघळून काळ्या डिंकासारखा झालाय आणि त्याचा डाग माझ्या बोटांवर दोन दिवस होता. पण खोका नेण्याचं मी आधीच ठरवलं होतं. दादालाही सांगितलं होतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मग नेणं मला जड गेलं असतं. फोनवर मी खरं सांगितलं तेव्हा बाबा नुसतं "बरं" म्हणाले. ते "बरं" मला माहीत आहे. दादाच्या लग्नाच्या वेळचं "बरं" होतं ते.

आई, मनगटावरचा काळानिळा डाग मी पाहिला तेव्हा तू दार लागलं म्हणालीस. दार इतक्या वर लागत नाही. तू स्टुलावर चढली होतीस, खोका काढायला, आणि तुझा तोल गेला. बाबा, हे तुम्ही मला सांगितलंत म्हणून तिच्यावर रागावू नका, आणि तिने माझ्यापासून लपवलं म्हणून मीही रागावणार नाही. पण यावेळी मनगटावर निभावलं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाईने एका कॅसेटसाठी स्टुलावर चढावं, हे मला परत ऐकायचं नाही.

आता मी काय केलं ते नीट सांगते, कारण "डिजिटल" हा शब्द ऐकून बाबांच्या कपाळावर आठी पडली असणार.

कॅसेट घाईत संगणकावर उतरवून घेता येत नाही. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, ती वाजत असताना. तुमच्या एकतीस कॅसेट साठ मिनिटांच्या आणि बारा नव्वदच्या, म्हणजे एकोणपन्नास तास. मैत्रिणीच्या वडिलांचा जुना डेक मागून आणला आणि रात्री सगळे झोपल्यावर एकेक लावली. मशीनवर सोडून झोपायला जाता आलं असतं. गेले नाही. हेडफोन लावून बसून राहिले. काही कॅसेटमधली टेपमागची ती चिमुकली लोकरीची गादी निखळली होती, ती बदलली. एकदा टेप गुंतली तेव्हा माझ्या छातीत जे झालं ते तुम्हाला सांगत नाही.

पहिल्या दोन रात्री सगळं पोतं तोंडावर घेतल्यासारखं येत होतं. मग कळलं, दोष डेकचा नव्हता. तुमच्या जुन्या रेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेपला टेकून आवाज भरणारा भाग, किंचित तिरकं होतं, आणि तिरक्या हेडने भरलेलं सरळ हेडवर दबकं वाजतं. डेकमध्ये एक बारीक स्क्रू असतो, तो कान लावून हळूहळू फिरवावा लागतो. म्हणजे बाबा, तुमच्या यंत्राच्या तिरकेपणाइतकं मी माझं यंत्र तिरकं केलं, आणि एकदम पडदा सरकला. तंबोरा आला. मागे कुणीतरी खोकलं. आणि तुम्ही, एकदम जवळून, दबक्या आवाजात म्हणालात, "सरक थोडी." ते आईला म्हणालात ना?

त्या मैफलीची रात्र मी पाहिलेली नाही. मी तेव्हा पोटात होते. तरी मला सगळं "आठवतं": खांबाशी बसलेले तुम्ही, शालीखाली धरलेला रेकॉर्डर, आई पाय अवघडले म्हणून अर्ध्या तासाने उठून मागे चालून आलेली, पहाटे लोक उठले तरी गाणं थांबेना. मला वाटायचं हा वेडेपणा माझा एकटीचा. पण २०१३ साली कॅरॉल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी विशीतल्या मुलांना वेगवेगळ्या दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली. माणसाच्या मनाला तरुणपणातलं संगीत सगळ्यात घट्ट चिकटतं, हे आधीच माहीत होतं. या मुलांच्या बाबतीत मात्र आणखी एक उंचवटा दिसला, त्यांचे आईवडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांपाशी. ती गाणी आली तेव्हा मुलं जन्मलीही नव्हती. घरात वाजत राहिली म्हणून ती त्यांची झाली असावीत. वाचलं आणि म्हटलं, यात नवीन काय, आमच्याकडे तर हेच चालायचं.

त्याच कॅसेटमध्ये एक गंमत आहे. मला ती सांगायचीच आहे. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या ठरलेल्या वेगाने पळायला हवी. त्या रात्री पहाटेपर्यंत तुमचे सेल उतरत गेले आणि रेकॉर्डर मंदावत गेला. मंद भरलेली टेप नीट वेगाच्या यंत्रावर लावली की गाणं पळतं आणि चढतं. शेवटची बंदिश सुरू होते एका पट्टीत आणि संपते जवळजवळ अख्खा स्वर वर. बुवांनी तसं गायलेलं नाही. ते सेलांनी गायलंय.

आणि आई, तू कपड्यांच्या घड्या घालताना ती बंदिश गुणगुणतेस ना, तेव्हा अंतऱ्यापाशी तुझा सूर असाच वर सरकतो. इतकी वर्षं मला वाटायचं, आईचा सूर हलतो. सॉरी. तुझा सूर हललेला नाही, तू उतरलेले सेल अगदी बरोबर गातेस. तू तर त्या रात्री समोर बसून ऐकलंस, तरी तुझ्या गळ्यात राहिली ती कॅसेटच.

संगणकावर ही चढण सरळ करता येते. मी केली. ऐकली. शुद्ध होती, आणि आपल्या घरातली नव्हती. म्हणून ती वेगळी ठेवलीय, बाबांना कधी अभ्यासाला लागली तर. तुम्हाला पाठवतेय ती चढणारीच. खोकला काढला नाही, "सरक थोडी" काढलं नाही, टेपची सरसरही ठेवली. गाणं सुरू व्हायच्या आधी क्षणभर तेच गाणं खूप लांबून ऐकू येतं, आठवतं? लहानपणी मी त्याला गाण्याचं भूत म्हणायचे आणि बाबांच्या मांडीवर चढून बसायचे. टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका थरावरचा चुंबकी ठसा शेजारच्या थरावर पुसट उमटतो, त्याचा तो आवाज. तेही ठेवलंय. भूत तसंच आहे. मी मात्र आता घाबरत नाही. फारशी नाही.

क्रमही हलवलेला नाही. आमच्या पिढीने गाण्यांचा क्रम पार मोडून टाकला, वाटेल ते वाटेल तेव्हा लावतो. पण त्या हिरव्या कार्डाच्या कॅसेटमधलं चौथं गाणं मी जगात कुठेही ऐकलं तरी ते संपताच कानात पाचवं सुरू होतं. ते येत नाही तेव्हा पायरी चुकल्यासारखं होतं. शिवाय पहिली बाजू तीस मिनिटांची, त्यामुळे शेवटचं गाणं मध्येच खटकन तुटायचं. त्या गाण्याला तिसरं कडवं आहे हे मला तिशी उलटल्यावर एका कार्यक्रमात कळलं. सगळं सभागृह डोळे मिटून ऐकत होतं आणि मी खट् आवाजाची वाट बघत होते. तो आला नाही, गाणं पुढे गेलं, आणि मला इतकं परकं वाटलं की मी बाहेर येऊन तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत काय झालं, मी म्हटलं काही नाही, सहज. ते हे होतं.

आता एक गोष्ट, जी मी तीस वर्षं पोटात ठेवलीय.

निळ्या कॅसेटवर मैफलीतली सात मिनिटं पुसलेली आहेत. ती मी पुसली. नऊ वर्षांची होते, चोरून रेकॉर्डर घेतला आणि पाठ केलेलं भाषण भरलं, असं मला स्वच्छ आठवतं. नंतर बाबांनी सगळ्या कॅसेटच्या वरच्या कडेच्या चिमुकल्या पट्ट्या मोडून टाकल्या, म्हणजे त्यांवर पुन्हा काही भरता येऊ नये. मला कुणी बोललं नाही. बोलला असतात तर बरं झालं असतं. घरात ती कॅसेट लागली की मी उठून आत जायचे.

परवा रात्री ती लावली. माझं भाषण आलं, ततपप करत. मी अडखळून थांबले. आणि मग बाबा, तुमचा आवाज: "बोल, बोल. चालू आहे."

मी तीनदा मागे नेऊन ऐकलं. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणं एकदम दाबावी लागायची, आणि ती किती घट्ट होती! माझ्या त्या बोटांना ते जमणारच नव्हतं. तुम्हीच दाबली होतीत ना? खाली काय आहे ते माहीत असून? की तुम्हीही विसरला होतात आणि नंतर कळलं? फोनवर विचारणार नाही, तुम्ही "बरं" म्हणाल. आल्यावर विचारेन. ती सात मिनिटं काही केल्या परत येत नाहीत, नवं भरताना जुनं आधी पुसलं जातं, खाली काही शिल्लक राहत नाही. मी बऱ्याच लोकांना विचारून पाहिलं.

बरं, आता सूचना. दोघांनीही वाचायच्या.

सोबत एक छोटा स्पीकर पाठवलाय. बाबांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, तिपाईवर ठेवायचा. पाय अडकेल अशी वायर नाही. मोठी तीन बटणं आहेत: चालू, पुढे, मागे. बाकीच्या बटणांवर मी चिकटपट्टी लावलीय, ती काढायची नाही. सगळी नावं बाबांनी कार्डांवर लिहिली होती तशीच ठेवलीत, "आईची आवडती २"सुद्धा. कार्डं वेगळ्या पाकिटात परत पाठवतेय. ती तुमच्याजवळच राहू देत, अक्षर तुमचं आहे. आई, रात्री दिवा मालवल्यावर ऐकायचं असेल तर उठायला नको, चालूचं बटण अंधारात हाताला लागेल असं उंच आहे.

बाबा, तुमच्या कानाच्या यंत्राबद्दल. ते लावल्यापासून तुम्ही गाणं ऐकायचं सोडलंत, आणि हल्ली तंबोरे बेसूर लावतात म्हणता. तंबोरे ठीक आहेत. ते यंत्र बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेलं असतं. बारीक आवाज ते मोठे करतं, मोठे दाबतं, आणि एकच स्वर लांबला की ती आपलीच शिट्टी समजून मारायला धावतं. तंबोरा, बासरी त्याला शिट्टीच वाटतात. बहुतेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी सेटिंग करता येते. गुरुवारी तपासणीला जाल तेव्हा तसं स्पष्ट मागा. "चालतंय हो" म्हणून उठून येऊ नका. आई, तू सोबत जा आणि उठू देऊ नकोस. आणि आवाज मोठा करून भागवायचं नाही, उरलेलं ऐकूही त्याने जातं.

शेवटचं, आणि यावर रुसायचं नाही. यंदा रात्रभराच्या मैफलीचं तिकीट मी काढलेलं नाही. सकाळच्या सत्राचं काढलंय, तिघांचं, कडेच्या खुर्च्या, दरवाजाजवळ. सकाळी ऐकलेलं गाणं कमी गाणं नसतं. सकाळचे राग तर तुम्हीच मला शिकवलेत, आणि रात्रीच्या मैफलीत ते पोचेपर्यंत तुम्हाला नेहमी डुलकी लागलेली असायची, हे आई सांगत नाही, मी सांगते. मी मधे बसेन. कुणाला उठायचं असेल तर मला ढोसा.

गोळ्या वेळेवर. उत्तर लिहा, फोन नको.

तुमची,
धाकटी

ता. क. स्टूल शोधू नका. दादाने नेलंय.