काम किती झालं ते दिसतं, मग वेळ किती गेला ते का दिसत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामाचे ॲप, टू-डू लिस्ट, डॅशबोर्ड (सगळी कामं कुठवर आली ते एका नजरेत दाखवणारा पडदा) यांच्यावर हल्ली बरंच छापून येतं आणि मी ते आवडीने वाचते, पण त्यात एक गोष्ट कुणी नीट सांगताना दिसत नाही म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. आपल्या डॅशबोर्डवर काम किती झालं ते दिसतं, टिकमार्क दिसतात, हिरवे गोल दिसतात, पण त्या कामासाठी ठरवलेल्या वेळातला किती वेळ उडाला ते कुठेच दिसत नाही. डेडलाइन असते, नाही असं नाही, पण ती कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेली एक तारीख असते आणि नुसती तारीख वाचून पोटात गोळा येत नाही हो, तो येतो अगदी शेवटच्या आठवड्यात, जेव्हा त्याचा काही उपयोग नसतो.

मी घरून भाषांतराचं काम करते. मागे एक 240 पानांचं काम घेतलं होतं, मुदत 60 दिवस. मी त्याचे 25 टास्क केले, एकेक प्रकरण म्हणजे एक टास्क, आणि झालं की टिक. बेचाळिसाव्या दिवशी माझ्या डॅशबोर्डवर 25 पैकी 19 टिक होते, म्हणजे 76 टक्के, आणि मी अगदी निश्चिंत होते. मग सहज पानं मोजली तर झालेली पानं 108, म्हणजे फक्त 45 टक्के, कारण छोटी छोटी प्रकरणं मी आधी उरकली होती आणि मोठी सहा तशीच पडली होती. आणि वेळ गेला होता 70 टक्के. तोवर दिवसाला अडीच पानांच्या आसपास चालले होते आणि आता 18 दिवसांत 132 पानं, म्हणजे रोज सात पानांच्या वर. काम उशिरा गेलं. समोरच्या माणसाला फोन करून मुदत वाढवून मागताना जी लाज वाटली ती अजून आठवते.

त्यानंतर मी एकच बदल केला आणि तो सगळ्यांनी करावा असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक मोठ्या कामासमोर एकाखाली एक दोन पट्ट्या, वरची वेळेची आणि खालची कामाची, दोन्ही सारख्याच लांबीच्या. खालची पट्टी वरचीच्या पुढे असेल तर ठीक चाललंय, मागे पडली तर आजच काहीतरी करायला हवं, एवढंच. वाचायला, हिशोब करायला लागत नाही, डोळ्याला एका क्षणात कळतं. नुसती वेळेची पट्टी लावली तर जीव घाबरतो आणि नुसती कामाची लावली तर ती फसवते, मला टिकमार्कांनी फसवलं तशी. दोन्ही शेजारी हव्यात. कामाची पट्टी मात्र टास्कच्या संख्येवर नको, पानं, तास, जे काही खरं मोजता येतं त्याच्यावर हवी.

करायला अवघड काहीच नाही. गूगल शीट्स किंवा एक्सेलसारख्या हिशोबाच्या शीटच्या पोटात तारीख म्हणजे एक साधा आकडा असतो, एक दिवस म्हणजे एक, अर्धा दिवस म्हणजे 0.5, म्हणून आजच्या तारखेतून सुरुवातीची तारीख वजा करायची आणि एकूण दिवसांनी भागायचं, झाली टक्केवारी. गूगल शीट्समध्ये स्पार्कलाइन नावाचं फंक्शन त्याची पट्टी काढून देतं, एक्सेलमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये डेटा बार आहेत. फक्त दोनतीन ठिकाणी मी अडखळले ते सांगते. आजची तारीख देणारं टुडे फंक्शन दिवसभर एकच आकडा देतं, पट्टी तासातासाला सरकायला हवी असेल तर तारखेसोबत वेळही देणारं नाऊ वापरावं लागतं. शीट्समध्ये ते आपोआप बदलत राहावं म्हणून सेटिंगमध्ये जाऊन दर तासाला किंवा दर मिनिटाला हिशोब करायला सांगावं लागतं, नाहीतर पट्टी जागची हलत नाही आणि आपल्याला वाटतं फॉर्म्युला चुकला. आणि फाइलचा टाइम झोन तपासा, तो भलताच असेल तर मध्यरात्रीच्या आसपास एक दिवस इकडचा तिकडे होतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुट्ट्या. 60 दिवस म्हणताना आपण शनिवार रविवार पण मोजतो आणि मग स्वतःलाच फसवतो. कामाचे दिवस मोजायला नेटवर्कडेज नावाचं फंक्शन आहे, त्यात आपल्या सुट्ट्यांची यादीही देता येते. माझे ते 60 दिवस या हिशोबाने 42-43 च भरले असते, हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं तर मी ती मुदत कबूलच केली नसती! आपल्याला लागणारा वेळ माणूस नेहमी कमीच धरतो हे डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडून ठेवलंय, त्याला प्लॅनिंग फॅलसी म्हणतात, तेव्हा हा काही माझ्या एकटीचा दोष नाही, पण म्हणूनच वेळ डोळ्यासमोर ठेवायला हवा.

दिवसाच्या पट्टीचंही तसंच. बरेच विजेट, म्हणजे स्क्रीनवर ठेवायचे छोटे चौकोन, दिवस म्हणजे 24 तास धरतात, मग सकाळी 9 ला काम सुरू करायला बसावं तर पट्टी 37.5 टक्के भरलेली, झोपेचा वेळसुद्धा वाया गेल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा आपली खरी कामाची वेळ, समजा 9 ते 6, तेवढीच पट्टी करावी. सेकंद पळणारे काउंटर तर मी सगळे काढून टाकले, नजर सारखी तिकडे जाते आणि काम बाजूलाच राहतं.

अजून एक जे मला उशिरा कळलं. आपल्याला भरत जाणारी पट्टी बघून बरं वाटायची सवय आहे, डाउनलोड होताना बघा ना, भरत आली की आनंद होतो. वेळेची पट्टी भरते तेव्हा मात्र हातातलं काहीतरी कमी होत असतं. म्हणून तुलना करायची तिथे दोन्ही पट्ट्या भरत जाणाऱ्या ठेवा, पण 25 मिनिटांसाठी कामाला बसायचं असेल तिथे कमी होत जाणारी चकती जास्त चांगली. जान रॉजर्स या बाईंनी 1990 च्या दशकात आपल्या लहान मुलीसाठी टाइम टायमर बनवला तो असाच, लाल भाग हळूहळू नाहीसा होतो, घड्याळ वाचता न येणाऱ्या पोरालाही किती उरलं ते कळतं. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं अवघड जाण्याची अडचण, असलेल्या कित्येकांना वेळ किती गेला याचा अंदाजच येत नाही, त्यांच्यासाठी असं चित्र म्हणजे नुसती सजावट नाही, खरा आधार आहे, आणि म्हणून ॲप बनवणाऱ्यांनी ही सोय पैसे भरणाऱ्यांपुरती ठेवू नये असं मला कळकळीने वाटतं. आणि नुसते लाल हिरवे रंग वापरून थांबू नका हो, अनेकांना, विशेषतः पुरुषांना, हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत, शेजारी आकडा लिहा.

आयुष्याचे आठवडे चौकोनांत दाखवणारे तक्ते पण असतात, 80 वर्षं धरली तर साधारण 4174 चौकोन. मी तो लावून बघितला आणि आठ दिवसांत काढला, रोज सकाळी कामाला बसताना तेवढं मोठं ओझं समोर नको, तो वर्षातून एकदा बघायला ठीक. वर्षाची पट्टी मात्र ठेवलीय. ती फार सावकाश सरकते, एक टक्का पुढे जायला 3 दिवस 15 तास 36 मिनिटं लागतात, म्हणून ती टोचत नाही, पण महिन्याभराने बघितलं की आठ टक्के गेलेले असतात.

त्यावरून तुमच्याकडे एक मागणं आहे. पहिल्या पानावर तारीख आणि वार तुम्ही रोज छापता, त्याच्याच शेजारी वर्षाचा कितवा दिवस आणि किती उरले हे छापाल का, आणि जागा असेल तर बोटभर लांबीची पट्टी. डॅशबोर्ड न वापरणाऱ्या माणसांनाही ती रोज दिसेल. सुरुवात 2 जुलैला करा, साध्या वर्षाचा तो बरोबर मधला दिवस असतो, 182 दिवस अलीकडे आणि 182 पलीकडे.

आपली,
एक नियमित वाचक